रबिंग-पॉलिश करूनही काळ्या गाडीवर जाळं परत येतंय? वॅक्स बदलण्याआधी हे तपासा

तक्रार नेहमी त्याच शब्दांत येते. "पॉलिश करून आणली तेव्हा आरशासारखी होती, महिन्याभरात पुन्हा तेच जाळं." जाळं म्हणजे उन्हात रंगावर चमकणारे बारीक चरे. गाडी बहुतेक वेळा काळी, गडद निळी नाहीतर गडद लाल. मस्टँग, केमन, झेड-फोर अशी स्पोर्ट्स कार, म्हणजे जिच्या रंगाकडे मालक रोज दोन मिनिटं तरी उभं राहून बघतो. आणि लगेच पुढचा प्रश्न ठरलेला: "आता वॅक्स कुठलं घेऊ?"

वॅक्सचा प्रश्न सगळ्यात शेवटचा. त्याआधी एक निवाडा करायचा असतो. जाळं तेव्हा खरंच गेलं होतं की नुसतं झाकलं गेलं होतं? गेलं असेल, तर आता दिसतंय ते नवं आहे, रोजच्या पुसण्यातून आलेलं. झाकलं असेल, तर ते कुठे गेलंच नव्हतं. पहिल्या बाबतीत पुन्हा रबिंग (मशीनने घासून चरे काढणं) करून काही उपयोग नाही आणि दुसऱ्या बाबतीत कितीही महाग वॅक्स लावून काही उपयोग नाही. आपल्याकडे दोन्हीवर एकच औषध चालतं: पुन्हा रबिंग, पुन्हा वॅक्स. त्यात दर खेपेला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, थोडा थोडा कमी होत जातो.

निवाडा कसा करायचा

केमिस्टकडे ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला (बॅटरीत घालायचं मिळतं तेच), स्प्रेच्या बाटलीत भरा. गाडी धुऊन सावलीत पूर्ण वाळू द्या. बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावून दोन भाग करा. एका भागावर हे पाणी मारा, अर्धा मिनिट थांबा, स्वच्छ मायक्रोफायबरने दाब न देता टिपून घ्या. पुन्हा एकदा तेच. मग एलईडी टॉर्च धरा. ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही, तिचा प्रकाश पसरट असतो. एकाच बिंदूतून येणारा उजेड लागतो, टॉर्चचा किंवा उन्हाचा.

बाणेरच्या एका काळ्या मस्टँगवर हे केलं तेव्हा गाडी एका वर्कशॉपमधून नुकतीच परत आली होती. मालकाला अजून तक्रारही नव्हती, त्याला फक्त "हे टिकेल असं वॅक्स सांगा" एवढंच हवं होतं. चिकटपट्टीच्या डावीकडे बॉनेट खोल काळं, ओलं वाटावं असं. उजवीकडे अल्कोहोल उडालं तसतसा काळ्यावर एक राखाडी पदर वर येत गेला, आणि टॉर्च हलवली की त्यात लांबलचक, धनुष्यासारखे पट्टे सरकायला लागले. हाताने मशीन ज्या वळणाने फिरवलं असेल अगदी त्या वळणाचे. म्हणजे जाळं काढण्यासाठी जे रबिंग झालं त्याने स्वतःचे नवे चरे पाडले, आणि वरून तेलकट ग्लेझ लावून सगळं बुजवून दिलं. ग्लेझ चार-सहा धुण्यांत उतरतं. मालकाच्या हिशेबात मात्र ते "वॅक्स टिकलं नाही" या खात्यात गेलं असतं.

या पट्ट्यांना होलोग्राम म्हणतात. एकाच दिशेने गोल फिरणारं मशीन, लोकरीचं पॅड आणि जाडं कंपाउंड (जाड कणांचं पॉलिश), असं त्रिकूट जमलं आणि शेवटचा बारीक हात मारला नाही, की ते उमटणारच. साध्या जाळ्याचं रूप वेगळं. ते टॉर्चच्या भोवती गोल गोल कोळिष्टकासारखं दिसतं आणि टॉर्च जिकडे न्याल तिकडे येतं. खरं तर ते चरे गोल नसतातच. सगळ्या दिशांना पडलेले बारीक सरळ ओरखडे असतात. त्यातले उजेडाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून उजेडाभोवती वर्तुळं दिसतात. गोल गोल पुसल्यामुळे जाळं पडतं आणि सरळ पुसलं की पडत नाही, हा समज यातूनच आलाय. सरळ पुसलंत तरी चरे पडतातच.

अल्कोहोलने पुसल्यावर दोन्ही भाग सारखेच दिसले तर वर्कशॉपने काम प्रामाणिकपणे केलं होतं असं समजा, आणि थेट पुसण्याच्या मुद्द्यावर या. त्या भागाला मशीन लावायची घाई नको.

एक सावधगिरी: नुकत्याच रंगवलेल्या पॅनेलवर अल्कोहोल मारू नका.

रंग किती उरलाय

कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. ८० जीएसएमचा ए-फोर कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे सगळा मिळून प्रकार एका कागदाएवढा. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. जाड कंपाउंडचा एक पूर्ण हात त्यातले दोन-चार मायक्रॉन सहज नेतो. बारीक फिनिशिंग पॉलिश एकाहून कमी. आणि गाडीच्या अख्ख्या आयुष्यात क्लिअर कोटमधून ८ मायक्रॉनच्या वर काढू नये, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. दर सर्व्हिसिंगला "रबिंग पण करून टाका" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब स्वतःच मांडून बघावा.

रंगाची जाडी मोजायला मीटर मिळतो, पण घेताना बघून घ्या. स्वस्तातले मीटर फक्त लोखंडावर चालतात. २०१६ मध्ये आपल्याकडे आलेल्या मस्टँगचं बॉनेट आणि पुढचे फेंडर अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. पोर्श नाइन-इलेव्हनच्या ९९१ पिढीचे दरवाजेसुद्धा. तिथे लोखंडावरचा मीटर काहीच सांगत नाही, दोन्ही धातूंवर चालणारा लागतो. बंपर प्लॅस्टिकचे, त्यांना तोही चालत नाही. कॉर्व्हेटचं तर १९५३ पासून सगळं अंगच फायबरचं. अशा भागांवर आणखी एक धोका: पत्रा उष्णता पसरवून टाकतो, प्लॅस्टिक आणि फायबर ती जागच्या जागी धरून ठेवतात. मशीन तिथे दोन सेकंद जास्त रेंगाळलं तरी रंग भाजतो. कडा आणि घडीच्या रेषांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, तिथे मशीन नेऊच नये, हाताने करावं.

मीटरवर एखाद्या जागी २०० च्या पुढे आकडा आला तर तो भाग बहुधा पुन्हा रंगवलेला आहे. ४००-५०० आला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. जुनी गाडी घेतली असेल तर हा एक वेगळाच मनोरंजक कार्यक्रम होतो. आकडा सगळीकडे ८०-८५ येत असेल तर तुमच्या आधी बहुधा कुणीतरी बरंच रबिंग करून गेलंय. अशा गाडीचे चरे राहू द्यायचे आणि त्यावर सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम संरक्षक थर) लावून मोकळं व्हायचं.

पॉलिश निवडताना

पॉलिश म्हणजे कापणं. बाटलीवर "स्क्रॅच रिमूव्हर" लिहिलं असलं तरी ओरखडा निघत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. नखाने अडकणारा चरा या मार्गाने काढायच्या भानगडीत पडू नका.

कुठलं पॉलिश हे ठरतं रंग किती कडक आहे त्यावर. ढोबळ हिशेब असा: जपानी गाड्यांचा क्लिअर कोट मऊ, जर्मन गाड्यांचा कडक. मर्सिडीजने २००३ च्या सुमारास सूक्ष्म सिरॅमिक कण घातलेला क्लिअर कोट आणला, त्याला चरे पडायला वेळ लागतो आणि काढायलाही. पण या हिशेबावर विसंबून बाटली विकत घेऊ नये. काळी पोर्श पुष्कळदा अपेक्षेपेक्षा मऊ निघते. शिवाय एकाच गाडीवर दोन प्रकारचे रंग असू शकतात: कारखान्यात क्लिअर कोट साधारण १४० अंशांना भाजला जातो, गॅरेजच्या बूथमध्ये ६० च्या आसपास. त्यामुळे डेंटिंग-पेंटिंग झालेला दरवाजा शेजारच्या फेंडरपेक्षा वेगळं वागतो.

मऊ रंगाचा त्रास नवख्याला कळत नाही. जाळं पटकन निघतं, आणि त्याच पॅडचा, त्याच फडक्याचा माग तेवढ्याच पटकन उमटतो. पॉलिश पुसून काढतानासुद्धा. कडक रंगाचं उलटं, तासभर घासा, काहीच हलत नाही. पण एकदा साफ झाला की टिकतो.

म्हणून आधी दीड-दोन फुटांचा चौकोन घ्या आणि तुमच्याकडे असलेलं सगळ्यात सौम्य पॉलिश सगळ्यात मऊ फोमच्या पॅडवर लावून बघा. मेग्वायर्सचं एम २०५ किंवा मेंझेर्नाचं ३८०० या जातीचं. चार-पाच सावकाश फेऱ्या, अल्कोहोलने पुसणं, टॉर्च. पुरेसं झालं नाही तर आधी पॅड एक पायरी कडक करा, पॉलिश तेच ठेवा. तरीही नाही, तेव्हा मेंझेर्ना २५०० सारखं मधलं. एम १०५ किंवा तत्सम जाडं कंपाउंड ही शेवटची पायरी, आणि त्यावर पुन्हा सौम्य पॉलिशचा हात आलाच पाहिजे. तो हात सोडला की मस्टँगवर दिसले ते पट्टे.

मेग्वायर्सच्या त्या जोडीतले कण घासताना फुटून बारीक होत नाहीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढेच राहतात; मेंझेर्नाचे दाबाखाली बारीक होत जातात. याचा अर्थ मेंझेर्नाच्या फेऱ्या अर्ध्यात सोडायच्या नाहीत, नाहीतर जाड कणांचा माग राहतो. एम २०५ मध्ये तसं बंधन नाही, पण पॅडमध्ये साचलेलं पॉलिश आणि निघालेला रंग दर भागानंतर ब्रशने झटकावा लागतो. दोन्हींत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. पॅड स्वच्छ ठेवण्याचा आळस असेल तर कुठलंही पॉलिश वाईटच.

स्वतः करणार असाल तर मशीन ड्युअल अ‍ॅक्शनचंच घ्या. ते गोल फिरता फिरता डगमगतं, दाब जास्त झाला की फिरायचं थांबतं, त्यामुळे रंग भाजण्याची शक्यता फार कमी. वेळ जास्त लागतो, लागू दे.

मशीन लावण्याआधी क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण उचलून काढणारी मऊ मातीसारखी वडी. धुतलेल्या बॉनेटवर हाताला प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून फिरवा. खरखर जाणवली तर ब्रेकची धूळ, हवेतले लोखंडी कण रंगात रुतलेत. ते तसेच ठेवून पॉलिश केलं तर पॅड तेच कण अख्ख्या गाडीवर फिरवतं. क्ले जमिनीवर पडला तर सरळ टाकून द्या, धुऊन वापरू नका.

आता वॅक्स

कार्नोबा वॅक्स ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून येतं. ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं, मधमाशीचं मेण ६२ ते ६४ ला. डबीतलं कार्नोबा शुद्ध नसतं, नाहीतर दगडासारखं लागलं असतं आणि गाडीवर पसरलंच नसतं; त्यात तेलं, सॉल्व्हंट, बाकीची मेणं मिसळलेली असतात. त्यामुळे मे महिन्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या काळ्या गाडीवर ते फार तर महिना-दीड महिना तग धरतं. दिसायला सुंदर, याबद्दल वाद नाही. लाल आणि काळ्या रंगाला जी ऊब येते ती सीलंटने येत नाही. गाडी बंद गॅरेजमध्ये राहते आणि रविवारी पहाटे लोणावळ्याला जाऊन येते, एवढंच तिचं आयुष्य असेल तर खुशाल कार्नोबा घ्या.

बाकीच्यांनी पॉलिमर सीलंट घ्यावं. चार-सहा महिने टिकतं, लावायला सोपं. मेच्या शेवटी एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा, एवढं पुरतं.

पण पाणी बघून घ्या, हा मुद्दा कुणीच बोलत नाही. वॅक्सच्या जाहिरातीत पाण्याचे टपोरे मणी दाखवतात. महापालिकेचं धरणाचं पाणी असेल तर मणी छान. वाघोली, हिंजवडीसारख्या भागांत टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर प्रत्येक मणी जागच्या जागी सुकतो आणि कॅल्शियमचं एक पांढरं कडं ठेवून जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. गाडीवर सुकायला २०० सुद्धा पुष्कळ झालं. अशा पाण्याला मणी करणाऱ्या वॅक्सपेक्षा पाणी सलग ओघळवून देणारं सीलंट बरं. शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने करा (मशीनमधून वाया जाणाऱ्या नाही, गाळलेल्या पाण्याने), पाच-सहा लिटर पुरतं.

कडी पडलीच असतील तर पांढरं व्हिनेगर समान पाण्यात मिसळून ओल्या कापडाने मिनिटभर टेकवा, मग भरपूर पाण्याने धुवा. तरी खळगा जाणवत असेल तर क्षाराने रंग खाल्ला आहे, ते काम पॉलिशचं. वॅक्सवर वॅक्स चढवून कडी जात नाहीत.

डबीवर "क्लीनर वॅक्स" किंवा "थ्री इन वन" असेल तर त्यात सौम्य कापणारे कण असतात. वर्षातून एकदा वापरायला ठीक. दर महिन्याला कौतुकाने लावत असाल तर दर महिन्याला पॉलिश करताय.

सर्व्हिस सेंटरमधल्या टेफ्लॉन कोटिंगबद्दल वरचेवर विचारलं जातं. टेफ्लॉन वितळतं ३२७ अंशांना. तव्यावर बसवण्यासाठी तेवढं तापवतात, गाडी कोण तापवतो? तुम्ही विकत घेता ते साधं सीलंट असतं, नाव टेफ्लॉनचं आणि दर तिप्पट. सिरॅमिक कोटिंग त्यामानाने खरी गोष्ट, दोन-तीन वर्षं टिकू शकते. मात्र तिच्या जाहिरातीतलं "९एच" म्हणजे पेन्सिलींच्या मापातला कडकपणा. धुळीतली सिलिका त्याहून खूप कडक असते. सिरॅमिक केलेली काळी गाडी कोरड्या फडक्याने पुसलीत तर तिच्यावरही जाळं येतं, आणि तेव्हा काढायला कोटिंगसकट काढावं लागतं.

रोजचं फडकं

बहुतेक गाड्यांच्या बाबतीत मूळ दुखणं इथेच असतं. सोसायटीत सकाळी सहाला एक माणूस येतो. एक बादली, एक फडकं, वीस गाड्या. पहिल्या गाडीनंतर बादलीच्या तळाला वाळू बसलेली असते आणि तेच फडकं दहाव्या गाडीच्या बॉनेटवर फिरतं. आजूबाजूला बांधकामं चालू असतील तर क्रश सँडची धूळ रात्रभर बसलेली असते, बेसाल्टची, कोपरे धारदार. त्याचा यात काही दोष नाही, महिन्याच्या त्या पैशांत गाडी धुऊन मिळणार नाहीच.

त्याला काम बंद करायला सांगू नका, काम बदलून द्या. "दादा, रंगाला हात लावायचा नाही. काचा, चाकं आणि आतलं, एवढंच. पैसे तेवढेच." तो म्हणेल, "साहेब, एवढी धूळ बसलीय, लोक मला बोलतील." आठवडाभर बोलतील, मग विसरतील. दुसऱ्या दिवशी एकदा खाली जाऊन बघा मात्र, कारण हात सवयीने बॉनेटवर जातोच. झटकणीनेसुद्धा झटकू देऊ नका, कोरडी धूळ ओढली की चरा पडतो, ओढणारं पीस आहे की कापड हे रंगाला कळत नाही.

आठवड्याला एकदा स्वतः धुवा. आधी नुसत्या पाण्याने धूळ पूर्ण वाहून जाऊ द्या. यात कंजूषपणा केलात तर बाकी सगळं फुकट. मग दोन बादल्या, एकीत शांपूचं पाणी, दुसरीत साधं. मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) एका पॅनेलवर फिरवला की आधी साध्या पाण्यात पिळायचा, मग शांपूत. वरून खाली, दरवाजाचा खालचा भाग शेवटी, चाकांना वेगळं फडकं. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्स लवकर उतरवतो. वाळवायला जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरायचा आणि उचलायचा, ओढायचा नाही. टॉवेल घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका, फॅब्रिक कंडिशनर लागलं की तो पाणी शोषत नाही.

एवढं बदलून मग पॉलिश करा, उलट क्रमाने नको. मस्टँगच्या मालकालाही हेच सांगितलं: पहिले दोन महिने फक्त धुण्याची पद्धत, मग एकदाच नीट पॉलिश आणि त्यावर सीलंट.

थोडे अपवाद

मॅट रंगाला पॉलिश आणि वॅक्स दोन्ही वर्ज्य. एकदा चमकलेला डाग पुन्हा मॅट होत नाही, पॅनेल रंगवावं लागतं. पहिल्या पिढीच्या लाल माझदा एमएक्स-५ सारख्या जुन्या गाड्यांवर क्लिअर कोटच नसतो. पॉलिश करताना पॅड लाल झालं तर घाबरू नका, फक्त कमी कापा, कारण जातोय तो थेट रंग आहे. पीपीएफ (रंग वाचवायला चिकटवलेली पारदर्शक फिल्म) लावलेल्या भागावर कंपाउंड नको. ती फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉनची पॉलीयुरेथेनची असते. हलके चरे उन्हाने किंवा गरम पाण्याने आपोआप भरतात, आणि फिल्मच्या कडेला वॅक्स साचून पांढरी रेघ दिसायला लागते ती मऊ ब्रशने काढावी.

आणि बंपर नुकताच गॅरेजमध्ये रंगवून आणला असेल तर त्याला महिना-दोन महिने ना वॅक्स ना सीलंट. आतलं सॉल्व्हंट बाहेर पडायचं असतं. रंगाच्या कंपनीची मुदत डब्यावर लिहिलेली असते, पेंटरला विचारून घ्या. तोवर साधं पाणी, शांपू आणि गाडी शक्यतो झाडाखाली लावू नका.